सर्व्हरताई आणि अकराशे माणसांचे पाय

एकोणीस वर्षं ताई त्या दुकानात एकाच खुर्चीवर बसली. दुकान बुटांचं, पण तुमच्या-आमच्या धडधाकट पायांच्या बुटांचं नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची अपघातात बोटं गेलेली, अशा पायांसाठी तिथे बूट बनायचे. माप मास्तर घ्यायचे. गिऱ्हाइकाचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेऊन, अंगठ्याने दाबत दाबत ते मोठ्याने सांगायचे, "डावी टाच आतून दोन सूत उचल. घोट्याखाली मऊ अस्तर. गडी उभा राहताना बाहेर झुकतो, तेही लिही." आणि ही ते टाइप करायची. पाऊल आखलेला कागद स्कॅन झाला की मास्तर तो टराटरा फाडायचे. "यंत्रात गेलं ना? मग या कचऱ्याला कशाला जागा?" लाकडी साचे मोजकेच होते. त्यांच्यावर चामड्याच्या पट्ट्या चिकटवून त्या त्या पायाचा आकार आणायचा, म्हणजे सगळी मदार मापावर.

सहा वर्षांपूर्वी दुकानात चार कॉम्प्युटर झाले आणि मापं सगळ्यांना दिसायला हवीत असं ठरलं. कॉम्प्युटरवाल्याने आधी सर्व्हरचं नाव काढलं. त्याला वेगळी खोली हवी, गारवा हवा, शिवाय तो दिवसभर घोंघावणार. मास्तर म्हणाले, "अरे बाबा, इथे मलाच वेगळी खोली नाही." मग तोडगा निघाला. ताईचाच डेस्कटॉप जरा दणकट घ्यायचा, त्यात एकसारख्या दोन डिस्क टाकायच्या आणि बाकीच्या तिघांनी त्यातूनच मापं घ्यायची. "एक डिस्क मेली तरी दुसरी उभी," कॉम्प्युटरवाला म्हणाला. लिहिलेलं दोन्हीकडे लिहिलं जातं, तसं पुसलेलंही दोन्हीकडे पुसलं जातं, हे मात्र तो बोलला नाही. आणि विचारणार कोण?

तेव्हापासून तिचं नाव पडलं सर्व्हरताई. तिचं मशीन बंद झालं की सगळं दुकान आंधळं व्हायचं. ती सुट्टीवर गेली तरी मशीन चालूच. चुकून कुणाचा हात बटणाकडे गेला तर ती असली खेकसायची की तो माणूस चार दिवस त्या टेबलाकडे फिरकायचा नाही. धूळ पुसायचं फडकंसुद्धा तिचं वेगळं होतं. खरं सांगायचं तर तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? अकराशे माणसं चालत होती ती तिच्या टेबलाखालच्या त्या डब्याच्या जोरावर.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवाल्याने चारही मशीनांवर एकसारखी मांडणी करून दिली. त्यात एक गोम राहिली. बाकीच्यांना मापांचं फोल्डर एकदाच दिसायचं. हिच्या मशीनवर मात्र ते दोनदा दिसू लागलं, एकदा स्वतःच्या डिस्कवर आणि एकदा नेटवर्कच्या वाटेने. घर एकच, दारं दोन. आणि नेमका तेव्हाच 'जागा संपत आली' असा निरोप पडद्यावर यायला लागला.

ती व्यवस्थित बाई. दुसरी कुणी असती तर तो निरोप बंद करून गप्प बसली असती. हिने तासभर दोन्हीकडची मापं ताडून पाहिली. आकडा सारखा, नावं सारखी, तारखा सारख्या. मग तिची खात्रीच पटली की कुणीतरी उगाच दुसरी प्रत करून ठेवलीय. नेटवर्कच्या बाजूची सगळी निवडली. मशीनने विचारलं, कायमची पुसायची का? तिने 'होय' दाबलं आणि चहा घ्यायला उठली.

चहा संपायच्या आत मास्तरांच्या मुलाने कातडं कापायच्या टेबलावरून हाक मारली. "ताई, मापं दिसत नाहीयेत हो!"

कॉम्प्युटरवाला तीन दिवस डोकं घालून बसला. चौथ्या दिवशी त्याने हात टेकले. या जातीच्या डिस्कवरून पुसलं की पुसलंच, आणि तिसरी प्रत कुठेच नव्हती. मुलाने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुकानात तिला 'सर्व्हरताई' अशी हाक मारायचंही सगळ्यांनी सोडलं. समोरच्या बाकावर एक जुनं गिऱ्हाईक, एसटीचा कंडक्टर, नव्या बुटासाठी बसून होता. त्याच्या बुटाचा तळ पार गेलेला, आणि दिवसभर गाडीत उभं राहणं काही सुटत नव्हतं.

"मास्तरांना सगळं पाठ असेल," ती म्हणाली.

वर्षभरापूर्वी मास्तरांना झटका आला होता. हात थरथरायचे, म्हणून ते घरीच असत; मुलाला त्यांच्यासारखा पाय चाचपून माप घेणं जमत नव्हतं, दुकान जुन्या मापांवरच चालायचं. मुलगा म्हणाला, "बाबांना नका सांगू, ताई. हाय खातील."

तरी ती गेली. सकाळची वेळ. मास्तर खिडकीपाशी उशीला टेकून बसले होते. तिने जे झालं ते सरळ सांगून टाकलं आणि मान खाली घातली. वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मास्तर चक्क हसले.

"यंत्र विसरलं, एवढंच ना? मी कुठे विसरलोय? रडतेस काय वेड्यासारखी! वही काढ. एकेकाचं नाव सांग."

तिच्याजवळ फोन नंबरांची वही होती. "कंडक्टर," तिने वाचलं.

मास्तरांनी डोळे मिटले. अंगठा चादरीवर फिरू लागला. "डावा पाय पाऊण इंच आखूड. टाच आतून दोन सूत. पंजाला रुंदी. तिसऱ्या बोटाजवळ कुरूप आहे, तिथे मोकळं ठेव." धडाधड, अगदी पूर्वीसारखं. ती लिहीत गेली. तिचे डोळे भरून आले. अकराशे नावं, रोज चाळीस धरली तर महिन्याभरात सगळं परत! जीव भांड्यात पडला तिचा.

"शिवणवाल्या बाई."

"डावा पाय पाऊण इंच आखूड. टाच आतून दोन सूत. पंजाला रुंदी..."

तिचा हात थबकला. या बाईंचा तर उजवा पाय अधू. ती म्हणाली, "मास्तर, गवंडीकाका."

"डावा पाय," मास्तर म्हणाले, "पाऊण इंच आखूड."

दारात मास्तरांची बायको उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई गं, किती महिन्यांनी एवढं बोलतायत! उद्याही येशील ना?"

मास्तरांचा चेहरा उजळला होता. अंगठा अजून चादरीवर दाबत होता, नसलेल्या पायावर. आपल्या हातून काय पुसलं गेलं ते या माणसाला सांगायचं धाडस तिने केलं होतं. त्याच्या आतलंही पुसलं गेलंय हे त्याला सांगायची तिची छाती झाली नाही.

"थांबलीस का? लिहिलंस ना?" मास्तरांनी विचारलं. "हं, पुढचा कोण?"

"पोस्टमन," ती म्हणाली, आणि लिहू लागली.