शेणाचं विरजण

कोरीटला आमच्या भाऊबंदांत कौसावहिनींच्या हाताला तोड नाही, आणि तोंडालाही नाही. गोठ्यामागच्या गोबरगॅसवर त्यांनी लग्नकार्याचे पाहुणे जेवू घातले. सिलिंडर कधी घरात येऊ दिला नाही. शेजारच्या जाऊबाई गुलाबबाईंनी गोबरगॅस बांधला, तेव्हा वहिनी सहज म्हणून गेल्या, "तुन्हा गॅस नुसता फुसफुस करस." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

वहिनींचा मुलगा हेमकांत याला मात्र टाकीच्या वासाची लाज वाटायची. यंदा त्याने वास घालवणारं नवं औषध आणलं. त्यात चांदीचे कण होते, केसाच्या जाडीहून हजारो पटींनी बारीक. अख्खा कॅन त्याने टाकीत ओतला. वास गेला. पाठोपाठ शेगडीही विझली.

हेमकांतने कृषी महाविद्यालयातल्या मित्राला फोन लावला. मित्र आधी पोटभर हसला. मग त्याने सांगितलं, की गॅस बनवतात ते शेणातले जीवाणू, आणि चांदीने नेमके तेच मारले. पण जे उरतात ते गप्प बसत नाहीत. ते जो गंधकाचा घाण वायू सोडतात, तोच चांदीला काळं करून तिचा जोर मोडतो. वहिनींच्या पायातले तोडे काळे पडतात, तसंच. आता फक्त जिवंत जीवाणूंची भर हवी, म्हणजे चालू गोबरगॅसमधली स्लरी, शेणाचा पातळ काला.

"म्हंजे इरजन," वहिनी म्हणाल्या. पण गावात चालू गोबरगॅस दुसरा एकच होता, गुलाबबाईंचा.

काही दिवस त्यांनी धुरात डोळे चोळत चुलीवर भाकरी भाजल्या. हेमकांतने सिलिंडरचं नाव काढताच त्याला असा झाडला, की तो जेवायलाही उशिराच आला. शेवटी एका संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर, त्या बादली घेऊन जावेच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, मन्ही शेगडी इझनी. थोडं इरजन दे."

"दिवा लायावर इरजन कोनी देत नही," गुलाबबाई म्हणाल्या.

वहिनी वळल्या. तोच मागून आवाज आला, "पन हाई त शेन शे. शेनले कसाना दिवा?"

त्या रात्री दोन्ही घरांतली माणसं बादल्या वाहत होती. पुढे बऱ्याच दिवसांनी निळी ज्योत धरली, तेव्हा गुलाबबाई न बोलावता येऊन ओट्यापाशी बसल्या. पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "हाऊ चहा मन्हा गॅसना शे."

वहिनींनी त्यांचा कप पुन्हा भरला.