ज्या दगडाखालचं सावंतसरांना दिसलं होतं

गिल्बर्ट हिलला जायचं ठरलं ते सावंतसर वारल्यावर, म्हणजे मुळातच उशिरा. आम्ही जमिनीखालच्या खडकांचे थर शोधणारी माणसं, आणि अंधेरीतल्या आमच्या ऑफिसपासून ही काळ्या दगडाची टेकडी रिक्षाने दहा मिनिटांवर. सर नेहमी म्हणायचे, "चला रे, एकदा आपल्या शत्रूला भेटून येऊ." कोण जातंय! शेवटी त्यांच्या बायकोचाच, काकूंचा, बोरिवलीहून फोन आला, "तो दगड दाखव गं मला." मी लगेच हो म्हटलं. सरांबद्दलची एक गोष्ट काकूंना सांगायची होती आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

मी घाटकोपरहून मेट्रोने आले आणि अंधेरी पश्चिमेला काकूंना गाठलं. जाणार असाल तर सकाळीच जा, नंतर दगड तापतो. रिक्षा मीटरने मिळते. रिक्षावाल्याने विचारलं, "दर्शन को ना? मंदिर ऊपर है." काकू म्हणाल्या, "नाय हो, दगड बघूक." बिचारा आरशातून बघतच राहिला.

गल्ली संपते आणि इमारतींच्या मधोमध काळाकभिन्न कातळ उभा राहतो. बाप रे! तिकीट वगैरे काही नाही. पायऱ्या मात्र उंच आहेत, काकूंचे गुडघे अर्ध्यावरच बोलायला लागले. तिथेच बसून डबा उघडला. घावणे आणि खोबऱ्याची चटणी, झकास.

"ह्योच काय तो?" काकूंनी कातळावर हात ठेवला. "ह्याच्यापायी घरातली जेवणां थंड होयत?"

मी समजावलं. जमिनीला हादरा द्यायचा, आतल्या थरांवरून परत येणारे पडसाद टिपायचे, कॉम्प्युटर त्यांच्या रेघा करतो. रेघ तुटून खाली सरकलेली दिसली की तिथे भ्रंश, म्हणजे खडकाला गेलेला तडा. पण वर हा काळा दगड असला की तो पडसाद पार विस्कटून टाकतो, खालचं सगळं गढूळ दिसतं. सर त्या रेघांचा छापील कागद डोळ्यांसमोर आडवा धरून, एक डोळा मिटून, कडेवरून बघायचे. तसं बघितलं की तुटलेली रेघ चटकन सापडते.

"अगो, पेपरपण तसोच धरीत! मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंय तेंका." दोघी पोट धरून हसलो.

मग मी मनातलं सांगितलं. सरांनी अशाच काळ्या दगडाच्या थराखाली एक भ्रंश दाखवला होता. मीटिंगमध्ये सगळ्यांनी तो उडवून लावला, चेष्टाही केली. सर थोडे भांडले, मग गप्प झाले. आता आम्ही त्याच भागाचा डेटा नव्या पद्धतीने पुन्हा तयार केला आणि तडा स्वच्छ दिसला, सरांनी ओढला होता तिथेच.

"सर बरोबर होते, काकू."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

मी म्हटलं, "चला, हळूहळू वर जाऊया?"

"नको गो." त्या खालीच बघत होत्या. "तेंनी माका सांगितल्यानी होता. मी म्हटलंय, इतकी माणसां नाय म्हणतत, म्हणजे तुमचाच चुकला असतला. त्या दिसापासून घरात ह्या कामाचो विषय तेंनी काढूक नाय."

त्यांचा हात धरून खाली आणलं, बोरिवलीच्या गाडीत बसवून दिलं. त्यामुळे वरून अंधेरी कशी दिसते, ते मला विचारू नका.

घरी येऊन फोटो बघतेय. डब्यासमोर काकू मोठ्याने हसतायत, तेव्हा मी अजून काही बोलले नव्हते. मला वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी आनंदाची बातमी घेऊन चाललेय.