लाभ, दोन, तीन

"नाकं धरा रे, बाजार आला."

गुरुजी असं म्हणाले आणि पहिलीतल्या पोरांनी खरोखर नाकं धरली. मी डोक्यावर पाटी घेऊन दोन रांगांमधून चालत होते. शाळेच्या केराची पाटी. आत कागदाचे बोळे, खराट्याचे हीर, कुणीतरी थुंकलेली सुपारी. एक हात पाटीला, एक हात परकराला. मागून गुरुजींची छडी. आणि मी ओरडायचं होतं, "लाभ घ्या, लाभ."

आवाजच निघेना. पोटरीवर छडी बसली तेव्हा निघाला, आणि त्याच्याबरोबर परकर ओला झाला. पोरं त्यालाच जास्त हसली. गुरुजी म्हणाले, "बघा, मासळी पाण्याशिवाय राहत नाही." मग ते पाणी मलाच पुसायला लावलं.

माझा गुन्हा काय? सांगते.

आम्ही गाबीत, दर्यावर जगणारे. गुरुजी खोताच्या घराण्यातले. आमची पोरं वर्गात दाराशी बसायची. पुढे बसू नये असा काही कायदा नव्हता, पण बसून बघायची टाप कोणाची होती! त्या दिवशी चिंचोके मोजायला गुरुजींनी मला पुढे बोलावलं. मी पळतच गेले. मोजायला मला शाळेत यायच्या आधीपासून येत होतं. आई किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यावरून बांगडे आणायची, अंगणात त्यांचे वाटे घालायची, आणि मी समोर बसून तिच्याबरोबर मोजायची. पहिला चिंचोका उचलला आणि ठसक्यात म्हटलं, "लाभ." दुसरा उचलला, "दोन." तिसरा, "तीन."

आमच्या घरात मोजणी 'एक'पासून सुरू होतच नसे. "एक म्हटलां तर एकारच रवता," आई सांगायची. पहिल्याला लाभ म्हणायचं, म्हणजे मागून दुसरा येतो. मला वाटायचं, त्या आकड्याचं नावच लाभ.

"लाभ? हा कुठला आकडा?" गुरुजींनी विचारलं.

मी आपली शहाणी. म्हटलं, "पयलो."

झालं! "गाबताचं पोर ते. शाळेचा बाजार मांडायला आलंय," म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट दाखवलं. बापसानं मला लिहायची पाटी घेऊन दिली होती ती तिथेच जमिनीवर राहिली. दुसरी पाटी डोक्यावर चढली.

घरी आईनं परकर धुतला. धुता धुता म्हणाली, "शिरा पडली तेच्या तोंडार!" आणि लगेच तिनं कुंपणाकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. मग हळू आवाजात मला म्हणाली, "तू एक म्हण गो बाये. गुरुजी सांगतत तसा म्हण. तेंच्या दारात माका जावचां लागता." बाजारात चार बायकांना पुरून उरणारी माझी आई. तिला आवाज चोरताना मी पहिल्यांदा बघितलं. छडीपेक्षा त्याची धास्ती मी जास्त घेतली.

त्या दिवसापासून मी 'एक'ला भ्यायला लागले. दोनला नाही, शंभराला नाही. फक्त एकला. सकाळी पाढे सुरू झाले की माझी दातखीळ बसायची. सगळी पोरं "बे एके बे" ओरडायची, मी नुसते ओठ हलवायची आणि "बे दुणे"वर जाऊन मिसळायची. आपल्या तोंडून चुकून भलतंच निघालं तर? पोरांनी माझं नावच लाभ पाडलं होतं. गुरुजींच्या वहाणा वाजल्या की मी भिंतीकडे सरकायची. किती वेळा मी आईला म्हटलं, माका शाळा नको. बापूस ऐकत नव्हता, म्हणून जात राहिले.

भातकापणी झाली त्या सुमाराला आई सुके बांगडे घेऊन गुरुजींच्या घरी निघाली. बांगडे द्यायचे आणि बदल्यात भात आणायचं, असा दरवर्षीचा रिवाज. ओझं धरायला मला घेतलं. आम्ही दगडी गडग्याबाहेर उभ्या राहिलो. आत खळ्यात भाताची रास, राशीवर नारळ. मोजणाऱ्यानं पहिली पायली भरली, वरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाला, "लाऽऽभ."

माझ्या हातातून बोचकं सुटलं. आता पाटी येणार! आता ह्याच्या डोक्यावर पाटी चढणार!

पण कोणी नाक धरलं नाही. सगळ्यांनी हात जोडले. उघड्या अंगानं गुरुजी राशीपुढे वाकलेले. तेही म्हणाले, "लाभ रे म्हाराजा, लाभ." वर्गात पुस्तकासारखं बोलणारा माणूस घरात आमच्यासारखंच बोलत होता. मान वर करताना त्यांनी मला बघितलं. मी आईच्या मागे लपले. वाटेत दबकत म्हटलं, "आये, गुरुजी पण लाभच म्हणाले."

"गप," आई म्हणाली. "तू काय एक बघूक नाय."

गप बसले. बरीच वर्षं बसले. पण तेव्हाच डोक्यात लख्ख पडलं होतं की चूक शब्दाची नव्हती. त्यांच्या खळ्यात तो देवाचा, आणि माझ्या तोंडात आला की त्याला घाण सुटते. एवढं कळलं, तरी भीती तसूभर हलली नाही.

सातवी झाले आणि मास्तरीण झाले. हंगामी. नेमणूक कुठे, तर त्याच शाळेत! माझे ते गुरुजी आता हेडमास्तर होते. नोकरी टिकायची की नाही हे त्यांच्या एका शेऱ्यावर. ते "या बाई" म्हणायचे आणि मला परकर ओला झाल्यासारखं वाटायचं. लुगड्याला हात लावून बघायची मी. हसू नका.

पहिलीचा वर्ग माझ्याकडे. मी पोरांना किनाऱ्यावर न्यायची, खुबे-शिंपले वेचून आणायची. एक खुबा, दोन शिंपले, एक खुबा, दोन शिंपले, अशी ओळ लावायची आणि विचारायची, "फुडे काय येतलां?" पोरं तुटून पडायची. वाळूत बांगड्यांची चित्रं काढून चार चार करून मोजायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं. मात्र कोणी ओळीच्या सुरुवातीला आलं की मी मनात विनवायची, एक म्हण रे, बाबा, एक म्हण.

शेवंती नावाची एक पोर होती, आमच्यातलीच. तिच्या घरातली शाळेत आलेली ती पहिलीच मुलगी. तिच्या आईनं शाळेच्या दारातच मला सांगितलं होतं, "बाई, चेडू भियालां तर घराक व्हरतलंय." पोरीला घरी नेणार म्हणजे नेणार. मी म्हटलं होतं, मी आसंय, भियाचां नाय. कोण बोलत होतं बघा!

शाळा तपासायला दिपोटी आले. हेडमास्तर त्यांना घेऊन माझ्या वर्गात. साहेबांनी खुब्यांकडे बोट केलं आणि नेमकी शेवंतीला हाक मारली. ती पळतच पुढे गेली. मी गेले होते तशीच. पहिला खुबा उचलला.

"लाभ."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. हेडमास्तर हसले. "साहेब, ही यांची गणितं. बाईही त्याच बाजारातल्या." मग अगदी गोड आवाजात, "जा गो, ती पाटी आण बघू कोपऱ्यातली."

आणि ती पोर हसत गेली हो! तिला वाटलं, साहेबांसमोर आपल्याला काम सांगितलं. पाटी घेऊन आली, आणि कशासाठी ते माहीत नसताना आईसारखी डोक्यावर ठेवायला लागली.

मला बोलायचं होतं. हात तेवढे हलले. मी तिच्याकडून पाटी ओढून घेतली, केर सांडला. पाटी जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर बसले. दिपोटी साहेब उभे. हेडमास्तर उभे. मी बसलेली.

"बाई, उठा."

"मी उठूचंय नाय."

बाई झाल्यापासून हेडमास्तरांपुढे मी मालवणी कधी बोलले नव्हते. त्या घटकेला दुसरं काही सुचलंच नाही. शेवंतीचा चेहरा उतरला होता. ती कुजबुजली, "बाई, काय म्हणू?"

"घराक म्हणतस तां म्हण. मगे शाळेतला म्हण. दोनूय तुझेच."

तिनं मोजलं. आधी लाभपासून, मग एकपासून. आवाज बारीक होत गेला, पण मोजलं. मी हेडमास्तरांना विचारलं, "गुरुजी, तुमच्या खळ्यात पयल्या पायलीक काय म्हणतत?"

वाटलं होतं, खाली बघतील. कसले बघतात! "खळ्यातली गोष्ट वेगळी," ते शांतपणे म्हणाले. "तो शास्त्राचा भाग आहे." साहेबांनी घड्याळ बघितलं. दोघं चहाला गेले, हेडमास्तरांच्याच घरी.

माझी नोकरी गेली. शेवंतीची आई पोरीला न्यायला आली तेव्हा मी दप्तर आवरत होते. म्हणाली, "तुमकाच काढल्यांनी, मगे माझ्या चेडवाक कोण राखतलो?" शेवंती शाळेत परत आली नाही. मासे विकते. पाटी डोक्यावरच आहे तिच्या. हे मी विसरत नाही आणि कोणाला विसरू देणार नाही.

पुढे कसाल गावापलीकडच्या एका शाळेत पुन्हा हंगामीच लागले. पहिल्या दिवशी आधी कोपरे बघितले. केराची पाटी होती ती उचलून बाहेर ठेवली. मुलं दाराशी बसली होती त्यांना पुढे घेतलं. चिंचोका उचलला. आवाज कापत होता. अजून कापतो, बाहेर वहाणा वाजल्या की अजून पाऊल भिंतीकडे सरकतं. सरकू दे. भीती जायची वाट बघत बसले तर तेवढ्यात आणखी एका पोरीच्या डोक्यावर पाटी चढेल. माझ्या वर्गात पोरीच्या हातात पाटी असेल. लिहायची. आणि पहिल्या दिवशी, पहिला चिंचोका उचलून, दारात कोण उभं आहे ते न बघता, मी मोठ्यानं लाभच म्हणणार. ज्याला नाक धरायचं असेल त्यानं वर्गाबाहेर जाऊन धरावं.