चार बोटांची दुमड

मंगळवार, १७ जून. काम एकच होतं: लालबागच्या शिंप्याकडून रूमीचे दोन फ्रॉक उचलायचे आणि भोईवाड्याजवळच्या एका बंद आवारात नेऊन द्यायचे.

ठाकूरद्वार ते भोईवाडा याला कुणी प्रवास म्हणणार नाही. पण त्या आवारातून परतताना मला दर वेळी परमुलखातून आल्यासारखं वाटतं, म्हणून लिहिते. इथं राहायचे कागद नसलेल्या परदेशी बायका आणि त्यांची मुलं मायदेशी पाठवेपर्यंत तिथे ठेवतात. सात वर्षांची रूमी आणि तिची आई सलमा बांगलादेशच्या. त्यांना आठ महिने झाले. मी स्वयंसेविका म्हणून दर मंगळवारी जाऊन कपडे, औषधं, निरोप एवढं बघते. रूमीची शाळा मात्र टाळली होती. "आज-उद्या पाठवतीलच, नाव कशाला घालायचं?" असं मीच सलमाला सांगितलं होतं.

बसमध्ये डुलकी लागली आणि थेट परळला उतरले. मागे चालत लालबागला आले, तळणाच्या वासामागे जाऊन अर्धा किलो चिवडा घेतला. शिंपी गावकरकाकांनी फ्रॉक उलटे करून दाखवले.

"बाय, चार बोटां दुमड सोडलंय. दोन वर्सां बगूक नको (बघायला नको)."

उरलेल्या कापडाच्या दोन रिबिनीही त्यांनी न सांगता शिवल्या होत्या.

फाटकावरच्या पोलीसबाईंनी चिवडा हुंगून सोडला, पण फ्रॉकच्या घेरावर बोटं अडली. "ताई, यात काय भरलंय?"

"कापडच. वाढत्या अंगाचा आहे."

"अय्या, माझी आई असंच शिवायची! पाचवीचा फ्रॉक आठवीपर्यंत." त्यांनी घडी माझ्यापेक्षा नीट घातली.

रूमीनं लगेच फ्रॉक चढवला आणि गिरकी घेतली. सलमानं घेर उलटून पाहिला. परळला सहा वर्षं घरकाम केल्यानं तिला मराठी कळतं, बोलते हिंदीत.

"दीदी, इतना कपडा अंदर क्यों?"

"उसवत गेलं की दोन वर्षं चालेल."

तिचा हात थांबला. "दो साल?"

"अगं, आमच्याकडे सगळ्याच मुलांचे असे शिवतात."

"स्कूल के टाइम आप बोले, आज-कल में जाएगी. फ्रॉक के टाइम दो साल. एक बात बोलो ना दीदी. सच्ची वाली."

"मला माहीत नाही, सलमा."

"मेरे को भी नहीं मालूम. पर दो दिन है तो दो दिन पढेगी. खाली बैठके सब भूल रही है."

"नहीं भूली!" रूमीनं माझ्या पर्समधलं पेन ओढलं आणि चिवड्याच्या कागदावर एक ते वीस लिहायला बसली. तेरावर अडली. कागद उलटा करून चिवडा खाऊ लागली.

मी तशीच शाळेचं विचारायला आवाराच्या अधीक्षकबाईंकडे गेले. मुलांना बाहेर सोडायला वरची परवानगी लागते, असं त्या म्हणाल्या. "पण शाळेनं शिक्षिका पाठवली तर आत वर्ग भरवायला माझी ना नाही. आजवर कुणी मागितलंच नाही."

त्या कुणीमध्ये मीही होते.

परतीच्या बसमध्ये झोप आली नाही. सलमानं माझी चूक तोंडावर सांगितली, वर निघताना चिवड्यातला अर्धा माझ्याच पिशवीत परत घातला. गावकरकाकांनी चार बोटं कापड सोडलं नसतं, तर हे तिच्या तोंडून निघालंही नसतं. दोघांचेही उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी भोईवाड्यातल्या शाळेत होते. कागद नसले तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापिकांना माझ्याआधी ठाऊक होतं. शेजारच्या वर्गातल्या बाई आठवड्यातून तीन दिवस जायला तयार झाल्या.

"पण मुलगी राहणार किती दिवस?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्ही आजपासून धरा."

त्यांनी दुसरीचा पट पुढे ओढला आणि नाव विचारलं.