पुढच्या पंख्याची दिशा

"बाबांनी पंखा उलटा बसवला आणि ऐन सबमिशनच्या तोंडावर नातीचा कॉम्प्युटर जाळला."

आमच्या घरातील ही मान्यताप्राप्त हकिकत. माझा मुलगा ती पाहुण्यांना चहाबरोबर देतो. सून तीत भर घालत नाही, हा तिचा सभ्यपणा. आमच्या सौभाग्यवती मात्र घालतात: "आणि जन्मभर कारखान्यात पंखेच केले हो यांनी." पाहुणे हसतात. मीही मान हलवून हसतो. गेल्या दिवाळीत पुन्हा हसलो आणि त्या रात्री मला माझाच राग आला. म्हणून हे लिहून ठेवतो.

प्रथम 'जाळला' हा शब्द. कॉम्प्युटर जळला नव्हता, बंद पडला होता. आतील प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की यंत्र स्वतःहून थांबते. तशी त्यात सोयच असते. त्या दुपारी आमच्या घरात वेळेवर थांबण्याची अक्कल असलेले ते एकटेच होते. माझ्या मुलाला हा फरक क्षुल्लक वाटतो. तो बँकेत आहे.

आता पंखा. नात तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. आपण आखलेल्या इमारतीतून फिरून आल्यासारखे दिसावे अशी एक चित्रफीत तिला सादर करायची होती, आणि ती तयार होण्यासाठी यंत्र दोन-तीन दिवस अखंड चालावे लागणार होते. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमधील तिची खोली पश्चिमेची. ऑक्टोबरचे ऊन दुपारनंतर थेट टेबलावर येई. त्यात ती कॅबिनेटची पेटी टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबलेली, आत वायरींचे जंजाळ, आणि मागे एकच पंखा. यंत्र दर थोड्या वेळाने बंद पडे.

"आजोबा, तुम्ही बघता का जरा?" ती म्हणाली. कित्येक वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते.

मी पेटी कप्प्यातून बाहेर काढली. वायरी मागच्या बाजूला बांधून टाकल्या. पुढची शोभेची काच काढली, तिथे खाली एक मोठा पंखा हवा आत ओढणारा बसवला आणि त्यापुढे धूळ अडवणारी बारीक जाळी लावली. मागचा पंखा वर सरकवला, तो गरम हवा बाहेर टाकणारा. थंड हवा खालून पुढून, गरम हवा वरून मागून. धंदा बदलला तरी हवेचा स्वभाव बदलत नाही. मग कारखान्यात करत असू तशी परीक्षा केली. देवघरातील उदबत्ती पेटवून पुढे धरली. धुराची रेघ वाकली, सरळ आत गेली आणि मागून बाहेर आली. नात जमिनीवर बसून पाहत होती.

"आजोबा, भारीच," ती म्हणाली.

त्या दिवशी यंत्र पुन्हा एकदाही बंद पडले नाही. तिने चित्रफीत लावली.

मुलगा आज म्हणतो, "उदबत्तीचा धूर फक्त तुम्हीच पाहिलात, बाबा." नात शेजारीच असते. ती काही बोलत नाही. तिच्या त्या न बोलण्याबद्दल पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यात या दिवशी आम्ही यंत्रे धुऊनपुसून त्यांना हार घालत असू, आणि त्या दिवशी यंत्र बंद ठेवायचे हा नियम. निवृत्तीनंतर माझ्याकडे पूजेला एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पकड एवढीच शस्त्रे उरली होती. त्या वर्षी प्रथमच मी दुरुस्त केलेले एक जिवंत यंत्र घरात होते. सकाळी मी त्याची जाळी काढून धुतली आणि बाल्कनीत वाळत घातली. पेटी पुसली. झेंडूचा हार हातात घेतला तेव्हा मुलगा दारात होता.

"बाबा, हार नका घालू. मशीन चालू आहे."

"तुझ्या गाडीला चालतो तो?"

"गाडी बंद असते, बाबा."

"मग तिची तू कर पूजा. इथं मी आहे."

सुनेच्या माहेरी कसब्यात नवमीचे जेवण होते. नात थांबते म्हणत होती. मीच तिला पाठवले. "तू जा गं, मी बसतो याच्यापाशी. पंख्यांची राखण मला शिकवू नकोस." सगळे गेले. मी यंत्राला गंध लावले, हार घातला, डब्यातील श्रीखंड-पुरी खाल्ली आणि त्याच खोलीतील पलंगावर जरा आडवा झालो.

जाग आली ती शांततेने. पंख्यांचा आवाज नव्हता. नात स्कूटरवरून सगळ्यांच्या आधी परतली होती आणि काळ्या पडद्यासमोर उभी होती. अर्धवट राहिलेली चित्रफीत उघडत नसते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. तिने हार उतरवून बाजूला ठेवला, पेटीची बाजू उघडली आणि म्हणाली, "आजोबा, टॉर्च धरा."

मी टॉर्च धरला. तिने भुवयांचा चिमटा आणला आणि कितीतरी वेळ ती आत वाकून काम करत राहिली. जे निघाले ते तिने हारासकट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी खुपसले. इतक्यात मुलगा आला आणि उघडी पेटी पाहून दारातच थांबला.

"काय झालं? बाबांनी हार घातला का शेवटी?"

"नाही बाबा," ती वडिलांना म्हणाली. "पुढचा पंखा उलटा बसला होता. हवा बाहेर फेकत होता. माझ्याही लक्षात नाही आलं."

मी टॉर्च हातात घेऊन उभा होतो. त्या क्षणी मला दोनच वाक्ये बोलता आली असती, आणि दोन्हींची मला लाज वाटत होती. पंखा सुलट होता म्हणावे, तर हाराचे सांगावे लागणार. हाराचे सांगावे, तर ती खोटी ठरणार. मी टॉर्च विझवला.

उरलेल्या वेळात इमारतीच्या अर्ध्याच भागाची नवी चित्रफीत करून ती परीक्षकांपुढे गेली. त्यांनी काय ऐकवले ते तिने घरी सांगितले नाही. वडिलांच्या रागापासून तिने मला वाचवले, असे तिला आजही वाटते. माझे नाव कशावर उभे होते याची तिला कल्पना नव्हती, आणि ती असायचे कारणही नव्हते. हे मी तिच्यासाठी लिहितो आहे असे म्हणायला आवडले असते. बरेचसे माझ्यासाठीच आहे.

तेव्हा मुलाने, सौभाग्यवतींनी आणि चहाला आलेल्या सर्वांनी ऐकावे. पुढचा पंखा मी उलटा बसवला नव्हता. हवा बाहेर फेकणारा पंखा समोरची वस्तू दूर ढकलतो, गिळत नाही. गिळतो तो हवा आत ओढणारा, आणि त्याची जाळी मी धुऊन बाल्कनीतच विसरलो होतो. आणि टॉर्च मी धरला होता, त्यामुळे चिमट्याने काय निघाले ते मी एकेक करून पाहिले आहे. पात्यांच्या मागे, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पट्ट्यांत, पेटीच्या पार आतपर्यंत माझ्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या.