बुडापेस्टसाठी अकोल्याला

चहा होतोय तोवर एक फजिती सांगून टाकते. माझी स्वतःचीच आहे, म्हणून मोकळेपणानं हसा. मी ही कोणाला सांगितली नव्हती. सांगायला घरात मोठं माणूस आहेच कोण?

मी अमरावतीला पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका लाल पेनानं दाखवणं हे माझं काम. घरी दोन पोरं, सम्यक सतरा वर्षांचा आणि सुजाता चौदाची. त्यांचे बाबा, प्रशांत, अकोल्याला शिक्षक आहेत. चार वर्षांपूर्वी आमचा घटस्फोट झाला, राजीखुशीनं. भांडण असं मोठं नव्हतं. बोलणं कमी होत होत संपलं, इतकंच.

तर सुजातानं बुडापेस्ट काढलं. परीक्षेनंतर पाच दिवस, आपण तिघं. मी म्हटलं, ज्या गावाच्या नावातच 'बुडा' आहे तिथं कशाला जायचं? ती म्हणाली, "आई, मोठी नदी आहे तिथं, जुने पूल आहेत. तुले पूल आवडतात ना?" झालं. एका वाक्यात मी गुंडाळली गेले.

मला वाटलं होतं, तिघं मिळून बेत आखू. प्रत्यक्षात सम्यक क्लासला, सुजाताच्या कानात हेडफोन, आणि जेवणाच्या टेबलाशी मी न् लॅपटॉप. हॉटेल शोधायला गेलं की पडद्यावर आधीच लिहिलेलं असायचं, मोठी माणसं दोन. मी वजाचं बटण दाबून एक करायची. दुसरं हॉटेल उघडलं की पुन्हा दोन, पुन्हा वजा. एका रविवारात तो दुसरा माणूस मी किमान तीस वेळा कमी केला असेल.

विमानात खिडकीजवळची जागा घ्यावी की कडेची, एवढं विचारायलाही कोणी नव्हतं. शेवटी दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "खिडकी घ्या मॅडम, हवा लागते."

आणि मग कागदपत्रांच्या यादीत ती ओळ दिसली. अल्पवयीन मुलं एकाच पालकासोबत जात असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र, नोटरीच्या शिक्क्यासह.

म्हणजे अकोला.

आता फोनवर एका मिनिटात सांगता आलं असतं की नाही? पण मला वाटलं, फोनवर ते 'पाहतो' म्हणतील, आणि त्यांचं 'पाहतो' म्हणजे काय ते मी अठरा वर्षं पाहिलं होतं. समोर कागद ठेवला की माणूस सही करतो. म्हणून मी मेसेज लिहिला. तीनदा खोडला आणि शेवटी हा पाठवला: 'मुलांच्या पुढच्या गोष्टीसाठी तुमची गरज आहे. फोनवर नको, समोर बसून बोलू. रविवारी येते. आई असल्या तर बरं.'

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या असल्या की प्रशांत नाही म्हणत नाहीत, एवढाच माझा हिशेब.

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'ये. वाट पाहतो.'

चार वर्षांत त्या माणसाचं 'ठीक'च्या पुढं एक अक्षर आलं नव्हतं. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. अंगावर चांगली साडी, कारण चार वर्षांनी आपण केविलवाणं दिसू नये. हातात वरूडची संत्री, माहेरहून आलेली, कारण रिकाम्या हातानं जाववत नाही. दारात पोचले तर पुढं रांगोळी. मला वाटलं, शेजारी काही कार्यक्रम असेल.

सासूबाईंनी जयभीम केला न् माझा हात धरूनच आत नेलं. प्रशांत नवा शर्ट घालून उभे होते. केस काळेभोर, आणि कानामागे कलपाचा एक ओघळ राहून गेलेला. सोफ्यावर गल्लीतले वकीलकाका बसले होते. ते नोटरीही आहेत. म्हटलं वा, नोटरी घरीच आहेत, शिक्क्यासाठी शोधाशोध नको.

सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेऊन कपाट उघडलं. "पाय वं, हे दोन कप्पे खाली केले मी काल."

मी म्हटलं, "छान. ऐसपैस झालं."

"पुरतीन ना?"

"भरपूर झाले, आई." मला खरंच वाटलं, त्या नवं कपाट कौतुकानं दाखवताहेत.

बाहेर आलो. प्रशांत घसा साफ करून म्हणाले, "पोरं तयार आहेत?"

मी मनात म्हटलं, सुजातानं आधीच फोन करून सांगितलेलं दिसतं. काम हलकं झालं. "पोरं तर उड्याच मारून राहिलेत," मी म्हटलं.

"केव्हा म्हणतेस?"

"मे महिन्यात. परीक्षा झाली की. आधी पाच दिवस."

"पाचच दिवस?"

"सुरुवात म्हणून पाच. जमलं तर पुढं पाहू."

त्यांनी बोटांवर पाच दिवस मोजले. मग म्हणाले, "बरोबर आहे. घाई नको. पोरांनाही सवय व्हायला पाहिजे."

वकीलकाकांनी मान हलवली. "समंजसपणा हाय हा. मले आवडलं."

"अन् सामान?" सासूबाईंनी विचारलं.

"एकेक बॅग. थालीपिठाचं पीठ सोबत घेते, थोडा चिवडा."

"पीठ कायले आणतं वं माय? इथं काय पिठाची कमी हाय?"

"इथं नाही हो आई, तिथं. तिथलं जेवण पोरांना चालेल न चालेल."

"तिथं म्हंजे कुठं?"

मी हसतच फाइल उघडली न् कागद प्रशांतपुढं ठेवला. "फक्त इथं सही पाहिजे. काकांनी शिक्का मारला की झालं."

वकीलकाकांनी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचायला घेतला. इंग्रजी होता, ते वाचता वाचता मराठीत सांगत गेले. मुलांचे वडील या नात्यानं... मुलांनी त्यांच्या आईसोबत... हंगेरी या देशात... तिथं त्यांचा आवाज बसला. ते कागद पालथा करून पाहू लागले, मागच्या बाजूला काही बरं लिहिलं असेल अशा आशेनं.

"हंगेरी कोण्या तालुक्यात येते?" सासूबाईंनी विचारलं.

माझी नजर रांगोळीकडे गेली, मग त्या काळ्या केसांकडे, मग आतल्या खोलीत अजून उघड्याच असलेल्या कपाटाकडे. आणि मग माझाच मेसेज मला शब्द न् शब्द आठवला. 'तुमची गरज आहे.' अहो, याचा दुसरा अर्थ निघतोच कुठं?

"मी... सहीबद्दल म्हणत होते," मी म्हटलं.

"हो," प्रशांत म्हणाले. "आता समजलं."

त्यांनी खिशातून पेन काढलं. सही करताना एकच विचारलं, "थंडी असते का तिकडं?"

"मे महिन्यात नाही फारशी."

"सुजाताले स्वेटर घेजो. तिले लवकर सर्दी होते."

वकीलकाका शिक्का आणायला म्हणून गेले ते फार वेळानं आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सासूबाई उठल्या. "जेवून जाय. शिजवलेलं हाय, ते काय फेकू?"

बेसनाची पाटोडी होती, रस्सा होता. माझ्या आवडीचं त्यांना अजून आठवत होतं. मी मान खाली घालून दोनदा वाढून घेतलं, कारण नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. आता चहा पिता पिता खरं सांगते, आवडलंही होतं. किती दिवसांनी माझं ताट दुसऱ्या कोणी वाढलं होतं.

प्रशांतनी गाडीवर बसस्टँडला सोडलं. एसटी लागलेली होती. मी खिडकीशी बसले तर ते खाली उभेच.

"मेसेज नीट लिहीत जाय," ते म्हणाले.

"चुकलं माझं."

"अन् मी नीट वाचत जाईन." एवढं बोलून ते वळले. कानामागचा तो ओघळ तसाच होता. सांगावंसं वाटलं होतं, पण ते सांगणारी मी आता कोण?

मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःवर चिडत आले. पुढं मात्र वेगळंच झालं. ते दोन रिकामे कप्पे डोळ्यांसमोरून हलेनात. आणि लक्षात आलं की मनातल्या मनात मी वरच्या कप्प्यात साड्या ठेवल्यासुद्धा होत्या, खालच्यात ऑफिसचे ड्रेस. मुलांना यातलं काही सांगितलं नाही. "सही झाली का?" "झाली." "बाबा काय म्हणाले?" "स्वेटर घ्या म्हणाले."

तुम्ही म्हणाल, झाली फजिती. नाही, ती अजून बाकी आहे.

महिनाभरानं आम्ही तिघं मुंबईला व्हिसाच्या कार्यालयात. फाइल म्हणजे माझ्या हुद्द्याला शोभेल अशी होती. प्रत्येक कागदाला पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. फॉर्म मी तीनदा तपासला होता. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, आवाज गोड, मराठी शुद्ध.

फॉर्म पाहत तिनं विचारलं, "मिस्टर येत नाहीत का सोबत?"

आणि मी, शपथेवर सांगते, जराही न अडखळता म्हटलं, "त्यांना रजा नाही मिळाली."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. सम्यकनं छताकडे पाहिलं. त्या मुलीनं शांतपणे दोन पानं उलटली न् एक कागद वर धरला. त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात पिवळी चिठ्ठी होती, 'क्रमांक सात, घटस्फोटाचा आदेश'.

"मॅडम, मग हे काय आहे? आणि पहिल्या पानावर तुम्ही 'विवाहित'वर खूण केली आहे."

मी पाहिलं. केली होती. निळ्या पेनानं, ठळक. अकोल्याहून आल्यावर भरलेला फॉर्म होता तो. तिथं तिघांची जी गफलत झाली ती माझ्या दोन ओळींमुळे. इथं तर चौकटी छापलेल्या होत्या, आणि शेजारीच 'घटस्फोटित'ची चौकट रिकामी होती.

मागच्या रांगेतले लोक पुढं वाकून पाहू लागले. तेव्हा सम्यकनं माझ्या हातात हळूच पेन दिलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "आई, चार वर्षं झाले. आता करून टाक ना बाबांची रजा मंजूर."