तिघींत एक कार्ड

आम्ही तिघी जावा एका हॉटेलच्या धुलाईघरात कामाला, आणि तिघींत कार्ड एक. ते मोठीचं. आम्हा दोघींना या देशात राहायचाच परवाना नव्हता, कामाचा कुठून असणार? सकाळी मोठी, दुपारी मी, संध्याकाळी धाकटी. फाटकावर दाखवायचं कार्ड तेच. फोटोत मोठी, चांगली जाडजूड. धाकटी म्हणजे काडीपैलवान. फाटकावरच्या माणसाने कधी हरकत घेतली नाही. आमच्यासारख्या बायका त्याला सगळ्या सारख्याच दिसत, आणि एकच बाई दिवसभर राबते याचंही त्याला नवल नव्हतं.

मोठी ते कार्ड उशीखाली घेऊन झोपायची. देताना म्हणणार, "वाकवू नकोस." घेताना म्हणणार, "पुसून दे." त्यापेक्षा सासू परवडली! आवाज असा, की धुलाईची मशीनं चालू असतानाही तिचं बोलणं रस्त्यावर ऐकू यावं. माझं आणि तिचं अधूनमधून कडाक्याचं भांडण व्हायचं.

तापाची साथ आली. धाकटीच्या शेजारी इस्त्री करणारी बाई खोकायला लागली आणि आठवड्यात गेली. तिच्या इस्त्रीवर दुसरी बाई आली. धाकटीला दमा. वाफेत उभी राहिली की तिची छाती शिट्टी वाजवते. हिला ताप आला तर ही जगत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

शाळेच्या सभागृहात लस देत होते. दारावर पाटी होती : लस सर्वांना, कागदपत्रांची गरज नाही.

"पिंजऱ्याच्या दारावर कधी 'पिंजरा' लिहितात का?" मोठी म्हणाली.

म्हणून आधी ती एकटी जाऊन टोचून आली. धडधाकट परतली. दोन दिवसांनी आम्हाला घेऊन निघाली आणि कार्ड धाकटीच्या हातात दिलं. "रिकाम्या हाताने जाऊ नये. कार्ड दाखव, मग हिलाही दे." धुलाईघरात जे रोज तिघींना चालतं, ते इथे का चालू नये? आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

नर्सबाईने कार्ड यंत्रावर धरलं. "तुम्ही तर परवाच घेतली!"

धाकटी वळून मोठीकडे बघायला लागली.

"कार्ड नसतं तर मी काही विचारलंच नसतं हो," नर्सबाई म्हणाली. "पण परवा घेतलेल्या बाईला आज परत कशी देऊ?"

लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. आम्ही दुसऱ्याचं भांडं आणून दाखवलं होतं.

कार्ड आपलं नाही म्हणावं, तर मोठीचं कार्ड जाणार आणि तिघींचं काम सुटणार. त्यात मागे दोन माणसं सोडून आमचा मुकादम उभा. उसन्या कार्डावरची दोन माणसं त्याने नुकतीच हाकलली होती. धाकटीची शिट्टी सुरू झाली. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "चल घरी."

"थांब गं," मोठी म्हणाली. मग त्याच तिच्या मशीनवरच्या आवाजात, "बाई, ते कार्ड माझं आहे. परवा मी टोचून घेतलं. ही माझी जाऊ, हिच्याकडे कार्डबिर्ड काही नाही. दमा आहे हिला. द्या!"

मला मोठीचा संताप आला, आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

नर्सबाईने कार्ड मोठीला परत केलं. "बसा. बाही वर करा."

धाकटीला टोचलं, मग मला. मोठी मुकादमाकडे सरळ बघत होती. आमच्या मागची बाई खुर्चीत बसली.

"कार्ड आहे?"

"नाही," ती म्हणाली आणि हातातलं कार्ड पर्समध्ये टाकलं. तिच्यामागच्या म्हाताऱ्यानेही नाही म्हटलं.

मग मुकादम. मोठीकडे न बघता त्याने आपलं कार्ड खिशात सरकवलं, बाही वर केली आणि हळूच म्हणाला, "माझ्याकडेही नाही."